कोलोसियमचे उत्तरायुष्य

कोलोसियम म्हटले की सिंह, ग्लॅडिएटर आणि आरडाओरडा करणारी गर्दी आपल्या डोळ्यांसमोर उभी राहते. सम्राट टायटसने इ. स. 80 मध्ये खुल्या केलेल्या या प्रेक्षागाराची पुढची हजार-दीड हजार वर्षे कोणी जमेसच धरीत नाही. म्हणून 2010 साली निघालेला ‘असॅसिन्स क्रीड : ब्रदरहुड’ हा संगणकावरील खेळ मला विचार करण्याजोगा वाटतो. त्याला पोरखेळ म्हणून हसणाऱ्यांत आधी मीही होतो!

या खेळातले रोम 1500 सालच्या आसपासचे, बोर्जिया घराण्याच्या अमलातले. आणि त्यातले कोलोसियम मोडके, ढासळलेले. हे यथार्थच आहे. 1349 च्या भूकंपात दक्षिणेकडची बाहेरची भिंत कोसळली आणि तिचे दगड रोमकरांनी आपल्या बांधकामांसाठी नेले. 1452 साली एकाच कंत्राटदाराने अडीच हजारांवर गाड्या दगड उचलल्याची नोंद आहे. रानटी टोळ्यांवर खापर फोडणे सोपे. येथे कुदळ घरच्यांचीच होती.

खेळात या भग्न वास्तूत येशूच्या यातनांचे नाटक चालू असते, आणि येशूचे काम करणाऱ्या नटाला मारेकऱ्यापासून वाचवायचे असते. तो नट कल्पित. नाटक मात्र खरे. गोंफालोने नावाचे धार्मिक मंडळ पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून तेथे असे प्रयोग करी. ते पाहून चवताळलेला जमाव रोममधील ज्यूंवर चालून जाई. शेवटी 1539 साली पोप तिसऱ्या पॉलने ते बंद केले. खेळाने नाटक घेतले, हा जमाव मात्र वगळला.