धुळ्याचे रुमाल आणि पंधरा सेकंदांचा नाच

२९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ५९ चिनी अ‍ॅपवर बंदी घातली. त्यात टिकटॉक होतं. चर्चा झाली ती सीमेवरच्या तणावाची आणि डेटाच्या सुरक्षेची. पण धुळे जिल्ह्यातल्या जामदे गावात त्या दिवशी वेगळंच काही बंद पडलं. तिथले दिनेश पवार हिंदी गाण्यांवर नाचून लाखो लोकांपर्यंत पोहोचले होते. ना स्टुडिओ, ना कॅमेरामन; गाव, शेत आणि मोबाइल एवढ्यावर. पुढे ते यूट्यूबकडे वळले. जुलैत इन्स्टाग्राम रील्स आलं, सप्टेंबरमध्ये यूट्यूब शॉर्ट्स. कलाकारांना नवा मंच मिळाला, पण आधीचं काम मागेच राहिलं.

हे धुळ्यात घडावं याला एक अर्थ आहे, कारण गेलेलं काम गोळा करून ठेवायचं कसं हे महाराष्ट्राला शिकवणाऱ्या गावांपैकी धुळं एक आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये काढला आणि पुढे एकूण बावीस खंड झाले. त्यासाठी ते गावोगाव, दारोदार फिरले. १९२६ च्या ३१ डिसेंबरला धुळ्यातच ते वारले आणि पुढच्याच वर्षी तिथे त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं राहिलं. त्याच धुळ्यात शंकरराव देवांनी रामदासी मठांतल्या पोथ्या जमवल्या. त्या समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत.

जुने कागद कापडात बांधून ठेवतात, त्या गाठोड्याला रुमाल म्हणतात. माळ्यावर पडलेला रुमाल दोनशे वर्षं कुणी उघडला नाही, तरी वाळवी आणि पावसातून वाचला तर वाचता येतो. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो आणि खात्रीने सांगू शकतो की फाइलचं असं होत नाही. सर्व्हरचं भाडं कुणीतरी दरमहा भरावं लागतं, हार्ड डिस्क काही वर्षांत बदलावी लागते, आणि फाइल उघडणारा प्रोग्रॅम जिवंत लागतो. ३१ डिसेंबर २०२० ला अ‍ॅडोबीने फ्लॅशचा आधार काढून घेतला, तेव्हा जगभरची वीस-पंचवीस वर्षांची अ‍ॅनिमेशन एकदम मुकी झाली. कागद दुर्लक्षातून वाचू शकतो, फाइल क्वचितच वाचते.

आपल्याकडे छापील पुस्तकासाठी १९५४ चा कायदा आहे. प्रकाशकाने ठरावीक ग्रंथालयांना प्रत पाठवायची. पुढे त्यात वर्तमानपत्रं आली. मोबाइलवरचा नाच त्यात कुठेच बसत नाही. म्हणजे तो जपणं हे कुणाचंच काम नाही.

मग जगात हे कोण करतं? याहूने जिओसिटीज ही घरगुती वेबसाइटांची वसाहत २००९ मध्ये बंद केली, तेव्हा ‘आर्काइव्ह टीम’ नावाच्या स्वयंसेवकांनी मिळेल तेवढं उतरवून घेतलं. पुढे ओलिया लियालिना आणि ड्रॅगन एस्पेनशीड या दोन कलाकारांनी त्या ढिगातली पानं जुन्या ब्राउझरमध्ये उघडून, तेव्हा दिसायची तशी लोकांना दाखवली. न्यूयॉर्कची ऱ्हायझोम ही संस्था इंटरनेटवरच्या कलेचा संग्रह १९९९ पासून करते आहे. या सगळ्यांकडून शिकण्यासारखी गोष्ट एकच: नुसती फाइल ठेवून भागत नाही. टिकटॉकचा व्हिडिओ म्हणजे नाच, अधिक त्या आठवड्यात चाललेलं गाणं, अधिक दुसऱ्याने केलेला ड्युएट, अधिक खालच्या कमेंट. नाच तेवढा ठेवला तर तो का गाजला हे वीस वर्षांनी कुणालाच कळणार नाही.

जुन्या पोथीच्या शेवटी पुष्पिका असते. कुणी लिहिली, कुठे, कोणत्या शकात. टिकटॉकवरून उतरवलेल्या व्हिडिओवर खातेदाराचं नाव कोपरे बदलत फिरायचं. तेव्हा ते डोळ्यांत खुपायचं, आज तीच त्या व्हिडिओची पुष्पिका आहे. ‘बेस्ट ऑफ’ संकलन करणारे नेमकं तेच कापतात. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना व्हिडिओ दाबून लहान होतो आणि मूळ फाइलमधली तारीख-ठिकाणाची नोंदही गळते. चार फोन फिरून आलेला नाच राहतो, नाचणारा राहत नाही.

जळगावकरांना ही गोष्ट नवी नाही. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. घरातल्यांनी ऐकून उतरवून घेतलं, मुलगा सोपानदेव यांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली, आणि बहिणाबाई गेल्यानंतर १९५२ मध्ये पुस्तक निघालं. उतरवलं तेवढंच आपल्याकडे आहे. तिथे ना विद्यापीठ होतं, ना अनुदान. घरात वही घेऊन बसणारं माणूस होतं.

आज ती वही आपल्या हातात आहे. गावात कुणी अहिराणी विनोदाचे व्हिडिओ करत असेल, लग्नातलं गाणं रचत असेल, तर त्याला विचारून मूळ फाइल घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवरची नको. सोबत साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहा: नाव, गाव, तारीख, गाणं कुणाचं, ढोल कुणी वाजवला, शूट कुणी केलं. दोन वेगळ्या जागी ठेवा आणि वर्षातून एकदा उघडून बघा. विचारणं महत्त्वाचं. या कलाकारांना ‘छपरी’ म्हणून हसणारेही याच फोनवर होते. आपलं काय राहावं आणि काय पुसावं, हे ठरवायचा हक्क त्यांचा आहे.

बंदीआधीचे कितीतरी भारतीय व्हिडिओ भारताबाहेरून आजही दिसतात. खानदेशच्या अंगणातला नाच खानदेशात दिसत नाही, परक्या सर्व्हरवर पडून आहे, आणि कंपनीने ठरवलं तर एका रात्रीत जाईल. राजवाड्यांना निदान दार ठोठावता येत होतं. आपल्याला ठोठावता येईल असं दार एकच उरलंय, ज्याने तो व्हिडिओ केला त्याच्या घराचं. त्याच्या जुन्या फोनची बॅटरी फुगण्याआधी तिथे पोहोचायला हवं.