मन्नारच्या पारांवर

पंधरा-वीस किलोचा एक दगड, त्याला बांधलेला दोर, दुसऱ्या दोराला लावलेली जाळीची पिशवी आणि दोन माणसं. तमिळनाडूचा दक्षिण किनारा आणि श्रीलंका यांच्यामधल्या मन्नारच्या आखातातून शतकानुशतकं मोती निघाले ते एवढ्या सामानावर. पाणबुडा दगडाच्या दोरात पाय अडकवून होडीच्या कडेला पाण्यात उभा राहायचा, छाती भरून घ्यायचा, एका हाताच्या बोटांनी नाक दाबायचा आणि खूण करायचा. साथीदार दोर सैल सोडायचा. काही क्षणांत तळ यायचा. पाय मोकळा झाला की साथीदार दगड वर ओढून घ्यायचा आणि खालचा माणूस हाताला लागतील तेवढे शिंपले पिशवीत कोंबायचा. मिनिटभराने, फार तर दीड मिनिटाने, दोराला हिसका बसायचा. मग वरचा माणूस पिशवीही ओढायचा आणि पाणबुड्यालाही. असं दिवसातून चाळीस-पन्नास वेळा.

मी आयुष्यभर प्राणिशास्त्र शिकवलं आणि शिंपल्यांचा अभ्यास केला. सुरुवात रत्नागिरीच्या खाडीतल्या कालवांपासून झाली आणि त्या ओढीने पुढे तुतिकोरिनला पुन्हा पुन्हा जाणं झालं. तिथल्या मोत्यांच्या पारांवर मी पाठीला सिलिंडर लावून उतरले आहे. पाच ते दहा वाव (फॅदम) खोली. दहा मीटरवर पाण्याचा दाब वरच्या दुप्पट होतो आणि दमाला भरलेली छाती निम्म्यावर येते. कान सांभाळत, सावकाश, यंत्रातून हवा घेत मी उतरत होते, आणि मनात सारखं हेच येत होतं की या पाण्यात दगड बांधून सरळ खाली जाणाऱ्या माणसाच्या कानांचं काय होत असेल. मोत्यांवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. राण्यांच्या गळ्यांवर, जवाहिऱ्यांवर, लिलावांवर लिहिलं गेलं. मला लिहायचं आहे ते तळाविषयी आणि तिथं जाणाऱ्यांविषयी.

पार म्हणजे वाळूतून वर आलेलं खडकाचं सपाट, खडबडीत पठार. किनाऱ्यापासून दहा-वीस किलोमीटर आत अशी कित्येक पठारं आहेत. श्रीलंकेच्या बाजूला पेरिया पार, चेवल पार, मोदरगम पार ही मोठी नावं. तुतिकोरिनच्या बाजूला तोलायिरम पार. प्रवाळाचे सुटे गड्डे, तांबडे-पिवळे स्पंज, प्रवाहाला आडवे उभे राहिलेले समुद्रपंखे, वाळूत लोळणाऱ्या समुद्रकाकड्या आणि खडकाला हिरवट-काळसर धाग्यांनी चिकटलेले हाताच्या तळव्याएवढे शिंपले. त्यांचं शास्त्रीय नाव पिंक्टाडा फ्युकाटा. पाणी क्वचितच नितळ असतं. जोराचा प्रवाह आला की वाळू सरकते आणि कोवळे शिंपले गाडून टाकते. सुरन नावाचे शिंपल्यांच्याच वर्गातले छोटे प्राणी धाग्यांची चटई विणून त्यांना गुदमरवतात. पाकटांचे थवे येतात आणि मजबूत दातांनी कवचं फोडून फस्त करतात. यातून जे वाचतील ते चार-पाच वर्षांनी मोत्यासाठी काढण्याजोगे होतात, आणि त्यानंतर फार काळ जगत नाहीत. म्हणजे शिंपला कोवळा असताना काढला तर हाती काही नाही, आणि थांबलं तर तो मरून जाणार. मोसम असतो तो या दोन्हींच्या मधला.

कोर्कई हे पांड्यांचं बंदर. आज ते ताम्रपर्णीच्या काठी, समुद्रापासून आत, एक खेडं आहे. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या प्रवासवर्णनात, ‘पेरिप्लस’मध्ये, इथल्या मोत्यांचा उल्लेख आहे आणि त्याबरोबर एक वाक्य आहे जे मला कधी विसरता आलं नाही : हे काम शिक्षा झालेल्या गुन्हेगारांकडून करवून घेतलं जाई. पुढे ते परवर जातीचा परंपरेचा धंदा झालं. तेराव्या शतकाच्या शेवटी मार्को पोलो इथं आला, तेव्हा मुशींपासून पाणबुड्यांना राखणारे मांत्रिक होते. राजाला दहावा भाग आणि मांत्रिकाला विसावा, असं तो नोंदवतो. पुढचा तपशील त्याहून मोलाचा आहे. मंत्र फक्त दिवसा चाले. संध्याकाळी मांत्रिक तो सोडवून टाके, म्हणजे रात्री चोरून बुडी मारायची कुणाची हिंमत होऊ नये. समुद्राची राखण इतक्या चतुराईने कुणी केल्याचं मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

हा मांत्रिक राज्यं बदलली तरी टिकला. १५३०च्या दशकात परवरांनी पोर्तुगीजांचं संरक्षण मिळवण्यासाठी मोठ्या संख्येने ख्रिस्ती धर्म घेतला. १५४२ मध्ये फ्रान्सिस झेवियर गोव्याला उतरला आणि त्याच वर्षी या मोत्यांच्या किनाऱ्याकडे निघाला. जुन्या गोव्यात ज्याच्या अवशेषांसमोर आपले लोक रांगा लावतात, त्याने उमेदीची वर्षं या पाणबुड्यांच्या खेड्यांत तमिळ प्रार्थना पाठ करवून घेण्यात घालवली. तरीही होडीत बसताना परवरांना मांत्रिक लागायचाच. डच आले, इंग्रज आले. इंग्रजी अमलातही त्याचा वाटा दप्तरात मान्य होता, कारण तो किनाऱ्यावर उभा नसेल तर पाणबुडे होडीत चढत नसत. मुशीने माणूस धरल्याच्या घटना फार थोड्या. पण तळाशी एकट्याने मिनिटभर राहायचं तर मन स्थिर हवं, आणि ते स्थिर ठेवणाऱ्याला मजुरी मिळत होती हे मला योग्यच वाटतं.

सिलोनच्या वायव्य किनाऱ्यावर मरिच्चुक्कड्डी नावाची जागा आहे. एरवी तिथं रान आणि वाळू. सरकारी निरीक्षक पारांवरून नमुन्याचे शिंपले काढून, कुजवून, त्यातल्या मोत्यांची किंमत करवून घेई. ती बरी आली की मोसम जाहीर होई, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये त्या वाळूत काठ्या आणि झावळ्यांचं हजारो वस्तीचं शहर उभं राही. कचेरी, पोलीस, तुरुंग, दवाखाना, टपाल, बाजार. जाफन्याचे तमिळ, तुतिकोरिनचे परवर, किलकरैचे मुसलमान पाणबुडे, आणि इराणच्या आखातातून आलेले अरब. अरब नाकाला शिंगाचा चिमटा लावत आणि तमिळांपेक्षा जास्त वेळ खाली राहत. १९०६ मध्ये इथं लिओनार्ड वुल्फ नावाचा एक तरुण इंग्रज अधिकारी नेमणुकीवर होता. पुढे तो व्हर्जिनिया वुल्फचा नवरा म्हणून जगाला माहीत झाला. त्याने आठवणींत या छावणीबद्दल लिहिलं आहे.

मध्यरात्रीनंतर मतलई वारा सुटला की होड्या निघत. सूर्य वर आला की बुड्या सुरू. दुपारी पहाऱ्याच्या जहाजावरून तोफ झाली की काम बंद, आणि खाऱ्या वाऱ्यावर शिडं भरून परत. किनाऱ्यावर कुंपणाने बंद केलेलं मोठं आवार असे, त्याला कोट्टू म्हणत. प्रत्येक होडीच्या लोकांनी आत आपल्या शिंपल्यांचे तीन ढीग करायचे. सरकारी माणूस येऊन कुठलेही दोन निवडी. उरलेला तिसरा पाणबुड्यांचा. कुठले दोन जाणार हे आधी कळत नसल्यामुळे ढीग सारखे पडत. तिथवर हिशेब चोख. पण समुद्रात उतरणाऱ्याचा तिसरा भाग, आणि त्या तिसऱ्यातच होडीवाल्याचा, तांडेलाचा, दोर ओढणाऱ्याचा वाटा, हा हिशेब मला आजही बोचतो.

कोट्टूच्या दाराबाहेर बाजार भरलेला असे. पाणबुडा आपले शिंपले तिथंच मूठ-मूठ विकून टाकी. सरकारच्या दोन भागांचा लिलाव रात्री, हजाराच्या भावाने. न उघडलेल्या शिंपल्यांचा लिलाव! आत काय आहे ते विकणाऱ्याला ठाऊक नाही आणि घेणाऱ्यालाही नाही. कुणाच्या शिंपल्यात मोठा मोती निघाल्याची वार्ता उठली की दुसऱ्या दिवशी भाव चढे.

मोती काढायचे म्हणजे शिंपले कुजवायचे. होडक्यांत, हौदांत आठवडाभर सडू दिलेलं ते मांस, त्यावर घोंघावणाऱ्या माश्या, मग समुद्राच्या पाण्याने धुऊन गाळात उरलेले मोती वेचणं. तिथली दुर्गंधी त्या काळी लिहिणाऱ्या प्रत्येकाने नोंदवली आहे, आणि पटकीची धास्ती छावणी उठेपर्यंत सरत नसे. मग मोती पितळेच्या चाळण्यांतून उतरत. मोठ्या भोकांच्या चाळणीपासून बारीक भोकांच्या चाळणीपर्यंत दहा प्रती. मन्नारचा मोती बहुधा लहान, पण गोल आणि पाणीदार. आपल्या नथीत, तन्मणीत मिरवणारा बसरा मोती तो वेगळा. तो इराणच्या आखातातून मुंबईच्या बाजारात येई, तिथंच वेजला जाई आणि पुढे जाई. मात्र मन्नारच्या लिलावात बोली लावणाऱ्यांत मुंबईकडचे व्यापारीही असत.

हा मोसम दरवर्षी येत नसे, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासाची किल्ली इथं आहे. १८३७ नंतर सिलोनच्या पारांवर सतरा-अठरा वर्षं काहीही निघालं नाही. १८९१ नंतर पुन्हा पार ओस पडले. सरकारचं उत्पन्न बुडालं तेव्हा लिव्हरपूलचे प्राध्यापक विल्यम हर्डमन यांना बोलावण्यात आलं. १९०२ मध्ये ते आले. त्यांचा सहायक जेम्स हॉर्नेल पुढे मद्रासच्या मत्स्यखात्याचा प्रमुख झाला आणि या आखातावर त्याच्याइतकं बारकाईने फार थोड्यांनी लिहिलं. हर्डमन यांचा पाच खंडांचा अहवाल आजही उघडावा असा आहे. मोती का धरतो याचं त्यांचं उत्तर, फितकृमीची अळी, पुढे टिकलं नाही. पण पारांवरच्या जीवांची त्यांनी केलेली नोंद अफाट आहे. त्यांनी सुचवलं की पेरिया पारावर पडणारी कोवळी पिलावळ पावसाळी लाटांनी दरवेळी वाहून जाते, तेव्हा ती उचलून सुरक्षित पारांवर नेऊन पेरावी, आणि शिंपल्यांना धरायला दगड टाकावेत.

नेमके १९०३ पासून पार भरले. १९०५ च्या एका मोसमात आठ कोटींच्या आसपास शिंपले निघाले आणि सरकारला सुमारे २५ लाख रुपये मिळाले. १९०६ मध्ये ‘सिलोन कंपनी ऑफ पर्ल फिशर्स’ने हे सगळे पार वीस वर्षांच्या मक्त्यावर घेतले, वर्षाला ३ लाख १० हजार रुपये खंड ठरवून. १९०७ चा मोसम झाला आणि पार रिकामे झाले. कंपनीने पिलावळ हलवून पाहिली, पण काही उगवलं नाही. थोड्याच वर्षांत कंपनी गुंडाळली गेली. १९२५ मध्ये एक छोटा मोसम आला तो कुणाच्याही योजनेशिवाय.

हर्डमन यांचं शास्त्र कच्चं होतं असं मी म्हणणार नाही; त्यांच्या हाती जेवढं होतं त्यावरून सल्ला बरोबर होता. चूक होती ती खंडात. तळावर वाळू कधी सरकेल आणि पाकटं कुठल्या वर्षी येतील हे ज्या ठिकाणी ठरत नाही, तिथं दरवर्षीचा ठरीव पैसा लिहून घेतला की एक भरलेला मोसम शेवटच्या शिंपल्यापर्यंत ओरबाडला जाणारच. दोन मोसमांच्या मधल्या काळात शंख काढून, मासे मारून दिवस काढणाऱ्या परवरांना थांबणं ठाऊक होतं. त्यांना कुणी विचारलं नाही.

तुतिकोरिनच्या बाजूला १९५५ ते १९६१ मोसमांची शेवटची ओळ लागली. पुन्हा तेच दगड आणि तेच दोर. त्यानंतर मोसम झाला नाही. पण याच पारांवर साठच्या दशकात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे महादेवन आणि नागप्पन नायर पाठीवर हवेचं सिलिंडर घेऊन उतरले आणि तळाचा नकाशा डोळ्यांनी पाहून मांडू लागले. आपल्या देशातल्या शास्त्रीय स्कूबाचं हे अगदी सुरुवातीचं काम. आज अंदमानात किंवा तारकर्लीला हौसेने बुडी मारणाऱ्या मुलांना मी त्यांचे निबंध आवर्जून दाखवते. १९७३ मध्ये त्याच संस्थेत के. अलगरस्वामी यांनी याच शिंपल्यात मोती वाढवून दाखवला. १९८६ मध्ये किनाऱ्यालगतच्या २१ बेटांभोवती सागरी राष्ट्रीय उद्यान झालं. तोवर बांधकामाला आणि चुन्याला प्रवाळ खणून नेल्याने कित्येक बेटांची कड उघडी पडली होती. विलांगुचल्ली आणि पूवरसनपट्टी ही दोन बेटं पुढे पाण्याखाली गेली.

पाणबुडे मात्र संपलेले नाहीत. शंख अजून निघतो. बंगालमधल्या ‘शाखा’ नावाच्या बांगड्या याच शंखाच्या. आता दगड नाही. होडीवर कंप्रेसर असतो, त्याची नळी दातांत धरून माणूस खाली तासन् तास राहतो. एका दमावर जाणाऱ्या त्यांच्या आजोबांना जो धोका फारसा नव्हता तो यांना रोजचा आहे. दाबाखाली रक्तात मुरलेला नायट्रोजन माणूस झटकन वर आला की बुडबुड्यांच्या रूपाने सुटतो, सांधे धरतो, कधी कमरेखालचं अंग नेतो. यावरचे तक्ते शरीरक्रियाशास्त्रज्ञ हॉल्डेन यांनी १९०८ मध्येच छापले होते : इतक्या खोलीवर इतका वेळ, मग वर येताना इथं थांबा.

असा एक तक्ता, खोली वावांत मांडून, मी तमिळमध्ये लिहून घेतला आणि बंदरावर वाटला. एका मध्यमवयीन पाणबुड्याने तो नीट वाचला. गुडघे आणि खांदे दुखतात, हे त्याने आधीच सांगितलं होतं. दीड-दोन वावांवर दोर धरून थांबायचं हे त्याला पटलंही. त्याची अडचण वेगळी होती. त्याला पैसे शंखाच्या नगावर मिळतात, आणि तो थांबेल तेवढा वेळ नळीवर दुसरा माणूस उतरू शकत नाही. “अम्मा,” तो म्हणाला, “हे तांडेलाला सांगा. आणि त्याच्या वर जो होडीचा मालक आहे, त्याला.” त्याच संध्याकाळी आम्ही दोघं मालकाकडे गेलो. एका होडीवर थांबण्याचा वेळ मजुरीत धरायचं त्याने कबूल केलं. बाकीच्या होड्यांवर ते अजून व्हायचं आहे.