खळ, कागद आणि काटकसर

वॉलपेपर म्हटलं की डोळ्यांसमोर जुन्या हिंदी सिनेमातला श्रीमंत बाप येतो. अंगात रेशमी गाऊन, हातात पाइप, मागे गोल जिना आणि भिंतीवर मोठ्या फुलांचा कागद. आपल्याकडे भिंतीला चुना, फार तर डिस्टेंपर. कागद घालायचा तो फडताळात आणि ट्रंकेच्या तळाला, तोही कालचा पेपर. आपल्या पावसाळ्यात आणि वाळवीच्या राज्यात कागदाची भिंत टिकणार तरी किती? त्यामुळे वॉलपेपर म्हणजे बड्यांची चैन, असंच आपण धरून चालतो. इतिहास मात्र बराचसा उलटा आहे. ज्यांना खरी चीज परवडत नव्हती, त्यांनी कागदावर भागवलं.

हा इतिहास वाचायचं कारण अगदी घरगुती. आई येत्या उन्हाळ्यात सहा महिन्यांसाठी इकडे येतेय. तिच्यासाठी मागची खोली नीट करायची होती. लँकेशरमधलं आमचं घर १८९० च्या सुमाराचं, ओळीतल्या इतर घरांसारखंच अरुंद. त्या खोलीत वॉलपेपरचे थरावर थर. एका कारागिराने सगळं खरवडून नवीन प्लास्टर करायचे बाराशे पौंड सांगितले. आमचं बजेट होतं दीडशे! म्हणून मग स्वतःच हात घालायचं ठरलं, आणि हात घालण्याआधी वाचायचं.

इंग्लंडमधला सगळ्यात जुना माहीत असलेला वॉलपेपर १९११ साली केंब्रिजच्या ख्राइस्ट्स कॉलेजमध्ये, छताच्या तुळयांवर सापडला. लाकडी ठशाने छापलेली डाळिंबासारखी मोठी नक्षी, महागड्या विणलेल्या कापडावर असायची तशी. गंमत म्हणजे हा कागद कोरा नव्हताच. छपाईच्या रद्दीची पाठ वापरली होती, आणि त्या रद्दीत आठव्या हेन्रीच्या १५०९ सालच्या जाहीरनाम्याचा कागद होता. म्हणजे इथल्या वॉलपेपरचा ज्ञात इतिहास सुरू होतो तोच पाठकोऱ्या कागदापासून. हे वाचून मला वापरलेल्या वह्यांची कोरी पानं शिवून देणारे आमचे आजोबा आठवले :-)

पुढे सतराव्या शतकात मखमलीची नक्कल आली. कागदावर चिकट द्रव्याने नक्षी काढायची आणि त्यावर लोकरीचा बारीक भुगा भुरभुरायचा. हा भुगा म्हणजे कापड गिरणीच्या आधीच्या काळातल्या लोकर-कातरणीचा केरकचराच. लांबून बघणाऱ्याला मखमल वाटायची.

या नकलेत आपलाही एक धागा आहे. आपलं चीट, म्हणजे छापील किंवा रंगवलेलं सुती कापड, तेच इंग्रजांचं चिंट्झ. लंडनचा रोजनिशीकार सॅम्युअल पीप्स याने सप्टेंबर १६६३ मध्ये बायकोच्या अभ्यासिकेच्या भिंतींना लावायला हिंदुस्थानी चीट विकत घेतल्याची नोंद केली आहे. हे कापड इतकं खपू लागलं की तिथल्या लोकर आणि रेशीमवाल्यांनी ओरड केली. १७०० आणि १७२१ च्या कायद्यांनी त्यावर बंदी आली. पण लोकांच्या डोळ्यांत बसलेल्या वेलबुट्ट्या कायद्याने थोड्याच जातात? त्या कागदावर छापून भिंतीवर राहिल्या.

कागद खपतोय म्हटल्यावर सरकारचं लक्ष गेलंच. १७१२ साली, राणी ॲनच्या काळात, छापील आणि रंगीत वॉलपेपरवर चौरस यार्डाला एक पेनी कर बसला. लोकांनी त्यावर तोड काढली. साधा कागद आणायचा, खळ लावून भिंतीवर चिकटवायचा आणि मग छिद्रांच्या साच्यातून घरीच रंगवायचा! कर बुडवणं सरकारने किती मनाला लावून घेतलं होतं, तर १८०६ मध्ये वॉलपेपरवरचा कराचा खोटा शिक्का मारणाऱ्याला मृत्युदंडाची तरतूद झाली. भिंतीवरच्या कागदासाठी फाशी. हा कर शेवटी १८३६ साली उठला.

नंतरचा अध्याय आमच्या शेजारचाच. डार्वेन हे लँकेशरमधलं गिरणगाव. तिथल्या पॉटर मंडळींचा धंदा सुती कापडावर छपाई करण्याचा. १८३९ मध्ये त्यांनी कापडाचं तंत्र कागदाला लावून रूळाने छापणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. ब्रिटनमध्ये १८३४ साली सुमारे दहा लाख रोल तयार होत होते, ते १८६० पर्यंत जवळजवळ नव्वद लाख झाले. स्वस्तातला कागद यार्डाला एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी, इतका उतरला. गिरणी कामगाराच्या घरातही फुलं उमलली.

इथपर्यंत गोष्ट गोड आहे. पण त्या फुलांची पानं हिरवी होती, आणि त्या काळचा टवटवीत हिरवा रंग आर्सेनिकचा, म्हणजे सोमलाचा होता. स्वीडनमधल्या कार्ल शीले या रसायनशास्त्रज्ञाने १७७५ साली तांबं आणि आर्सेनिक यांपासून असा एक रंग बनवला, पुढे त्याहून झगझगीत दुसरा आला. हे रंग कारखान्यात हाताळणाऱ्यांच्या अंगावर व्रण उठायचे. १८६२ साली लंडनच्या लाइमहाउस भागात एका कुटुंबातली मुलं एकामागून एक दगावली, तेव्हा डॉक्टर थॉमस ऑर्टन यांचा संशय खोलीतल्या हिरव्या कागदावर गेला. वॉलपेपरच्या इतिहासात ज्याचं नाव सर्वांत आदराने घेतात तो विल्यम मॉरिसही यातून सुटत नाही. त्याच्या एका सुरुवातीच्या कागदाच्या तपासणीत आर्सेनिक सापडलं आहे. त्याच्या घरचा पैसा डेव्हनमधल्या ज्या खाणीतून आला, तिथे तांब्यानंतर आर्सेनिकचंच मोठं उत्पादन होत होतं, आणि तो स्वतः काही काळ तिचा संचालक होता. १८८५ मध्येही त्याने पत्रात डॉक्टरांची ही भीती उडवून लावली. ब्रिटनमध्ये अशा कागदावर बंदी घालणारा कायदा झालाच नाही. गिऱ्हाईक घाबरलं, म्हणून कारखानदार आर्सेनिकविरहित कागद विकू लागले.

हे वाचल्यावर आमच्या खोलीकडे बघायची नजर बदलली. वरचा थर वुडचिपचा, म्हणजे लाकडाचा भुसा घातलेला खरबरीत कागद. याचा जनक ह्यूगो एर्फुर्ट नावाचा जर्मन औषधविक्रेता, साल १८६४. खडबडीत भिंतीचे दोष झाकायला १९७० च्या दशकात इथे तो घरोघरी लागला. त्याखाली नारिंगी-तपकिरी वर्तुळं, त्याखाली बारीक गुलाब, आणि तळाशी वेल. वेलीची पानं हिरवी. सहा महिने या भिंतीला उशी टेकून आई झोपणार होती.

म्हणून दीडशेतले पन्नास पौंड आधी प्रयोगशाळेत त्या हिरव्या तुकड्याची तपासणी करण्यात गेले. अहवाल चांगला आला. बाकी ठिकाणी मात्र हात आखडता घेतला. कोरडं घासायचं नाही, कारण जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि धूळ नाकात जाते. गरम पाण्यात भांडी घासायचं लिक्विड टाकून भिंत भिजवायची, अर्धा तास थांबायचं, मग रुंद पात्याने सोलायचं. तळाचा थर घट्ट होता आणि जुन्या चुन्याच्या प्लास्टरला त्याचाच आधार होता, म्हणून बहुतेक ठिकाणी तो तसाच ठेवला. त्यावर जाड, साधा अस्तराचा कागद आडवा लावला, की वरच्या कागदाच्या जोडावर जोड येत नाही. तीन भिंतींना फिकट रंग, आणि पलंगामागच्या एका भिंतीला आदल्या वर्षीच्या डिझाइनचे निम्म्या किमतीत मिळालेले तीन रोल. तिन्हींवर एकच बॅच नंबर आहे ना, तेवढं बघून घ्यावं. नाहीतर रंगात उन्नीस-बीस होतं.

काटकसर आणि स्वस्ताई या दोन गोष्टी मी एकच धरत आले होते, बहुतेक आपण सगळेच धरतो. पाठकोरा कागद वापरणारा छापखानेवाला, घरीच साचा फिरवणारं कुटुंब, ही काटकसर. त्यात झीज होते ती आपल्या हातांची. पाव पेनीतल्या हिरव्या पानाची किंमत मात्र कारखान्यातल्या दुसऱ्याच कुणीतरी भरली, कधी त्या खोलीत झोपणाऱ्या मुलांनीही.

खिडकीजवळ एका ठिकाणी तळाचा थरही सुटून आला. आत प्लास्टरवर पेन्सिलीने केलेला हिशेब निघाला. भिंतीची लांबी, उंची, गुणाकार, शेवटी सात रोल. मग सात खोडून सहा. कुणीतरी त्या दिवशी एक रोल वाचवला होता.

असो. आई, तू हे वाचशीलच. खोली तयार आहे, गोधड्या तेवढ्या घेऊन ये.