आण्याचा हिशेब आणि गुंठ्याचा हिशेब

आपलं आखाडा बाळापूर पूर्वी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. तिथला हाली रुपया वेगळा होता. सात हाली म्हणजे सहा कलदार रुपये. पुढं १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि १ एप्रिल १९५७ पासून सोळा आण्यांच्या रुपयाचे शंभर नवे पैसे झाले.

शंभराला सोळानं भागलं की एका आण्याचे सव्वासहा पैसे येतात. पाव पैशाचं नाणं तर नव्हतं. म्हणून एक आणा म्हणजे सहा पैसे, दोन आणे बारा, तीन आणे एकोणीस आणि चार आणे पंचवीस, असं ठरलं. एकेक आणा चार वेळा बदलला तर चोवीसच पैसे, चारही एकदम बदलले तर पंचवीस. दर वेळी थोडं सोडलं की शेवटी एक पैसा जातो.

हीच गोष्ट जमिनीची. आपण बोलतो एकर-गुंठ्यात, सातबारा बोलतो हेक्टर-आरमध्ये. गुंठा म्हणजे ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद, म्हणजे १,०८९ चौरस फूट. आर म्हणजे १०० चौरस मीटर, सुमारे १,०७६ चौरस फूट. "गुंठा काय नि आर काय, एकच!" असं आपण सहज म्हणतो. पण चाळीस गुंठ्यांच्या एकराचे ४०.४७ आर होतात. नुसते चाळीस धरले तर सुमारे ५०० चौरस फूट जागा गेली. तेवढ्यात दोन खोल्यांचं घर बसतं.

उलटही फसगत होते. मोबाइल एका एकराचे ०.४०४६८५६४ हेक्टर दाखवतो. त्यातला शेवटचा आकडा चौरस सेंटिमीटरचा, नखाएवढ्या जागेचा. बांधावर साखळी धरून मोजलेल्या रानाचं माप इतकं बारीक कसं असेल? आकडे वाढले म्हणून मोजणी नेमकी होत नाही.

हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित जमिनीत लेकीला लेकाइतकाच हिस्सा दिला. तेव्हा वाटणीच्या कागदावर सही करण्याआधी आपण एवढं पाहू या: सगळं क्षेत्र आधी एकत्र धरायचं, एकदाच बदलायचं, मग वाटायचं आणि अपूर्णांक अगदी शेवटी सोडायचा. सगळ्यांचे हिस्से मिळवून मूळ क्षेत्र येतं का, तेही ताडून बघायचं. जुळलं तरच सही.