मधुमेह आणि पाऊल : एका ज्ञानाचा इतिहास

मधुमेह हा आपल्याकडे नवा रोग नव्हे. चरक-सुश्रुतांनी प्रमेहाचे सविस्तर वर्णन केले आहे. रोग्याच्या मूत्राकडे मुंग्या धावतात हे त्यांच्या नजरेतून सुटले नाही, आणि तळहात-तळपायांची आग होणे हे त्यांनी पूर्वलक्षणांत गणले आहे. म्हणजे या रोगाचा पावलाशी संबंध असल्याची जाणीव फार जुनी. परंतु तो संबंध नेमका कोणता, हे उलगडण्यास विसावे शतक उजाडावे लागले. आणि त्या उलगड्याचा मोठा भाग आपल्याच देशात घडला, हे आपणांपैकी फार थोड्यांस ठाऊक असते.

१९२२ च्या जानेवारीत टोरांटो येथे चौदा वर्षांच्या एका मुलास इन्सुलिनची पहिली सुई टोचण्यात आली. तोवर असे तरुण रोगी थोड्याच काळात बेशुद्ध होऊन दगावत. इन्सुलिनने त्यांना वर्षे दिली. पण त्या वर्षांबरोबर मज्जातंतू आणि रक्तवाहिन्या यांची हळूहळू होणारी हानीही पुढे आली. १९३४ मध्ये बोस्टनचे डॉ. जोस्लिन यांनी पाय सडण्याच्या संकटावर लेख लिहिला. हे संकट दैवाने येत नाही, निष्काळजीपणाने येते आणि म्हणून टाळता येते, असे त्यांचे सांगणे होते.

पुढचा धागा मधुमेहाचा नव्हे, कुष्ठरोगाचा आहे. १९४६ साली डॉ. पॉल ब्रँड वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. कुष्ठरोग बोटे खातो, रोग्याचे मांसच नासके असते, असा त्या काळी सर्वत्र समज होता. ब्रँड व त्यांचे सहकारी यांना निराळेच दिसले. रोग मज्जातंतू मारतो, संवेदना जाते. मग तापलेले भांडे, रुतलेला काटा, एकाच जागी पडणारा चालण्याचा दाब यांतले काहीच कळत नाही, आणि जखम त्यातून होते. सिलोनचे डॉ. मिलरॉय पॉल अशा पायांस प्लॅस्टर घालीत असत. तोच उपाय वेल्लोरला केला, तेव्हा जुने व्रण भरून आले. भरलेला पाय टिकावा म्हणून मऊ सच्छिद्र रबराच्या चपला तयार झाल्या. १९६६ मध्ये ब्रँड अमेरिकेत कार्व्हिल येथे गेले. आणि वेल्लोरचे हे धडे पुढे मधुमेह्यांच्या बधिर पावलांसही लागू पडले.

मधुमेहात रक्तपुरवठाही कमी होतो, म्हणून जखम भरण्यास वेळ लागतो व ती चिघळते. पण बहुधा सुरुवात होते ती न दुखणाऱ्या जखमेने. आपले मनमाड रेल्वेचे गाव. सिग्नलचा दिवा विझला असेल, तर गाडीवान तो धोक्याचाच समजतो, हे येथल्या पोरासही माहीत असते. वेदना हा शरीराचा सिग्नल होय. 'दुखत नाही, म्हणजे काही नाही' हे मधुमेह्याने म्हणू नये.

चैत्रात खानदेशातून हजारो भाविक सप्तशृंगीला पायी जातात. कित्येकांचा अनवाणी चालण्याचा नवस असतो. श्रद्धेला आमचा विरोध नाही. परंतु तापलेल्या डांबरावर बधिर पायाला फोड आल्याचे कळत नाही. मधुमेह्याने घरातही अनवाणी वावरू नये. चप्पल-बूट घालण्यापूर्वी आत खडा आहे का, हे हाताने चाचपावे. पाय रोज धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात. आंघोळीचे पाणी पायाने न अजमावता कोपराने अजमावावे. कुरूप ब्लेडने कापू नये, त्यावर औषधी पट्टीही लावू नये. थंडीत शेकोटीला पाय लावून बसू नये. रात्री तळवा आरशात पाहावा. नजर अधू असेल तर सूनबाईने वा नातवाने पाहावा. लाली, सूज, फोड, पाणी दिसताच दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता डॉक्टर गाठावा. वर्षातून एकदा तरी पायांची संवेदना व नाडी तपासून घ्यावी. अर्थात साखर आटोक्यात ठेवणे आणि तंबाखू-विडी सोडणे हे आधीचे कर्तव्य आहेच.

एक गोष्ट विसरता येणार नाही. ज्यांना गावाने वेशीबाहेर काढले, ज्यांच्यासाठी १९३६ मध्ये मनोहर दिवाणांना वर्ध्याजवळ दत्तपूरची वसाहत उभारावी लागली, तशाच माणसांच्या पायांनी वैद्यकास हे शिकवले. आज आपल्या घरातील वडीलधाऱ्यांचा पाय वाचतो, त्यात त्यांचे देणे आहे. ते फेडण्याचा मार्ग साधा आहे : कुष्ठरोग्यास दूर लोटू नये, आणि रात्री निजण्यापूर्वी घरातल्या मधुमेह्याची पावले दिव्याच्या उजेडात पाहावीत.