खुराकाची वही

कोल्हापूरच्या कुस्तीचा विषय निघाला की माणसं शाहू महाराजांपासून सुरुवात करतात, ते बरोबरच आहे. पण बहुतेकांची गाडी खासबागेच्या कुस्ती मैदानावर येऊन थांबते. माझ्या मते मैदान बांधणं हा त्यातला सोपा भाग होता. अवघड होता तो दुधाचा, तुपाचा आणि बदामाचा रोजचा खर्च, आणि महाराजांनी तो दरबारावर घेतला.

हे मी हिशेबाच्या अंगानं बोलतो, त्याला कारण आहे. सत्तरच्या दशकात करवीर तालुक्यातल्या आमच्या गावाहून मी कोल्हापुरात तालमीत राहायला आलो. अंग हलकं, पण अक्षर बरं, म्हणून वस्तादांनी खुराकाची वही माझ्याकडे दिली. कुणाचं दूध किती, कुणाच्या घरून तुपाचा डबा आला, बदामवाल्याचं देणं कुणाकडं थकलंय, सगळं त्यात. पोरांची घरी जाणारी पत्रंही मीच लिहायचो. ‘ती. बाबांस सा. न. वि. वि.’ झालं, की दुसऱ्याच ओळीत पैसे. कुणाच्या बापानं म्हैस ठेवली ती पोराच्या दुधासाठी, आणि कुणी विकली तीही पोराच्याच बदामासाठी.

पहाटे चारच्या आत उठायचं. आधी हौद खणायचा. तांबडी माती, तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर. मग जोर, बैठका, सपाट्या, आणि दम संपला असं वाटायला लागलं की वस्ताद लढती लावणार. ते आटोपलं की थंडाई. रात्री भिजत घातलेले बदाम सोलायचे, खसखस, बडीशेप, मिरी घालून दगडी कुंडीत लाकडी दांडक्यानं घोटायचे. बोटांत घेतलं तर रवाळ लागता कामा नये. मग फडक्यातून दुधात गाळायचं. ज्याचे बदाम संपलेले असत तो घोटायला मात्र हमखास पुढं यायचा. फडकं पिळताना थोडं मागं राहिलं, तर कुणी बोलत नसे.

शाहू महाराज 1894 मध्ये गादीवर आले. ते स्वतः कुस्ती खेळलेले. त्यांनी पेठापेठांतल्या तालमींना हात दिला, पंजाबचे नामांकित मल्ल आणून संस्थानात ठेवले आणि इथल्या पोरांना त्यांच्याशी झुंजायला लावलं. 1902 च्या विलायतवारीत त्यांनी रोमचं प्राचीन क्रीडागार पाहिलं, त्यावरून खासबागेची कल्पना आली असं सांगतात. 1912 मध्ये मैदान उभं राहिलं. मधे हौद आणि सभोवार चढत गेलेला उतार. मागच्याला पुढच्याचं डोकं आड येत नाही. सुरुवातीच्या कुस्त्यांत गामा पैलवानाचा भाऊ इमामबक्ष तिथं लढला. शेजारी 1915 मध्ये पॅलेस थिएटर झालं, म्हणजे आजचं केशवराव भोसले नाट्यगृह. गाणं आणि कुस्ती भिंतीला भिंत लावून. ही सोय दुसऱ्या कुठल्या गावात असेल असं मला वाटत नाही.

दरबारी मल्लाचं चित्र आपण फार रंगवतो. तो गडी एका माणसाच्या मर्जीवर जगायचा. राजा गेला किंवा राज्य गेलं की त्याचं ताट गेलं. खाशाबा जाधवांच्या गोष्टीत हे जितकं उघडं दिसतं तितकं दुसरीकडं नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा गडी 1948 मध्ये लंडन ऑलिंपिकला गेला, तेव्हा खर्चाला कोल्हापूरचे महाराज होते. मातीत वाढलेले खाशाबा तिथं मॅटच्या गादीवर लढून सहावे आले. मार्च 1949 मध्ये संस्थान विलीन झालं. 1952 ला हेलसिंकीला जायचं, तर आता मागायचं कुणाकडं? गावानं वर्गणी काढली, आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले.

हेलसिंकीत जपानच्या इशीबरोबरची लांबलेली कुस्ती हरल्यावर त्यांना लगेच सोव्हिएत मल्लासमोर उभं केलं. नियमानं मधे अर्धा तास विसावा मिळायला हवा होता. तो मागायला आपला एकही अधिकारी जागेवर नव्हता. तरी कांस्यपदक आलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कराड स्टेशनपासून शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, हे सगळ्यांना पाठ आहे. त्यानंतर खाशाबांनी कुस्त्या भरवून प्राचार्यांचे पैसे फेडले, हे कमी जणांना ठाऊक असतं. 1955 मध्ये ते पोलिसांत फौजदार झाले, 1983 मध्ये सहायक पोलिस आयुक्त म्हणून निवृत्त झाले आणि पुढच्याच वर्षी रस्त्यावरच्या अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर सोळा-सतरा वर्षांनी.

राजाच्या जागी मग साखर कारखाना आला. पन्नास-साठच्या दशकांपासून कृष्णा, वारणा, पंचगंगेच्या काठानं सहकारी कारखाने उभे राहिले. त्यांतल्या काहींनी मल्लांना दरमहा मानधन दिलं, मैदानं भरवली. याच काळात माणसंही तशी निघाली. एकसंब्याचे श्रीपती खंचनाळे 1959 ला हिंदकेसरी, पुनवतचे गणपतराव आंदळकर पुढच्याच वर्षी. 1962 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत आंदळकरांनी आणि कवठेपिरानच्या मारुती मानेंनी सुवर्णपदकं आणली. आंदळकरांनी पुढं मोतीबाग तालमीत आयुष्यभर पोरं घडवली. वस्ताद होणं ही पैलवानाची सगळ्यात मानाची नोकरी, फक्त तिला पगार नसतो.

बाकीच्यांची कमाई जत्रेच्या फडावर. लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्यांपासून सुरुवात. मग नारळ, फेटा, मग रोख. एक नंबरच्या जोडीचं इनाम कुणी दिलं, ते लाउडस्पीकरवरून दहा वेळा सांगतात. गडी बरोबरीत सुटला तर इनाम निम्मं. गाडीभाडं, मालीशवाला, सोबतची दोन पोरं वजा केली की उरतं ते खुराकाच्या वहीत जमा. आणि हंगाम फक्त जत्रांचा. पावसाळ्यात मैदानं बंद, पोट मात्र चालूच. आधीच निकाल ठरवून खेळलेली नुरा कुस्ती वाईट खरीच, पण तिच्यामागं पुष्कळदा थकलेलं बदामाचं देणं असायचं, एवढं मी वहीवरून सांगतो.

दुखापतीला मात्र आमच्या वहीत रकानाच नव्हता. कान घासून घासून त्यात रक्त साकळायचं, मग तो मुडपून कडक व्हायचा. त्याचा अभिमान वाटायचा, कारण बाजारात लोक कान बघून वाट देत. गुडघ्याचं तसं नसतं. गुडघा सरकला की हाडवैद्य, पट्टी, महिनाभर बैठका बंद, आणि पुन्हा तोच गुडघा घेऊन हौदात. मान, खांदा, मणका यांची बिलं पस्तिशीनंतर येतात. त्याहून वाईट म्हणजे कुस्ती सुटते पण भूक सुटत नाही. मेहनत थांबलेली, दूध-तूप तेवढंच; चाळिशीत साखर आणि रक्तदाब. माझ्या बरोबरीचे जे लवकर गेले, त्यांतले बरेच याच वाटेनं गेले.

आता गादी आली, सहा मिनिटांची कुस्ती आली, गुण आले. हे चांगलंच झालं असं मी म्हणतो. निकाली कुस्तीचं मला कौतुक आहे, पण तासतास खडाखडी बघितलेल्या माणसाला विचारा. पोलिसांत थेट उपअधीक्षकाची जागा मिळालेले राहुल आवारेंसारखे मल्लही आहेत. पण त्या एका जागेकडं बघत किती पोरं शाळा सोडून तालमीत पडून असतात! बदाम परवडेना, तर काही जण इंजेक्शनकडं वळतात. मोबाईलवर पिंजऱ्यातल्या मारामाऱ्या बघून ‘आबा, तिकडं पैसा हाय’ म्हणणारी पोरंही भेटतात. मी त्यांना एवढंच विचारतो, हात मोडला तर दवाखाना कोण भरतो, ते आधी बघितलंस का?

जानेवारी 2023 मध्ये पुण्यात महाराष्ट्र केसरीच्या वेळी सरकारनं वयोवृद्ध मल्लांचं मानधन अडीच हजारांवरून साडेसात हजार करायची घोषणा केली. चांगली गोष्ट आहे. पण ज्याला नावापुढं लावायला किताब नाही, जो आयुष्यभर तीन आणि चार नंबरच्या जोडीत लढला, त्याच्यासाठी गावानंच काही करायला हवं. तुम्ही यात्रा कमिटीत असाल तर यंदा एक नंबरच्या इनामातून थोडी रक्कम कमी करा आणि त्या दिवशी लढणाऱ्या प्रत्येक पोराचा अपघात विमा उतरवा. फडावर एक डॉक्टरही बसवा. पुकारा करायचाच असेल तर त्याचाही करा.