ढोलकीची थाप आणि सोंगाड्या

तमाशाचा फड आपल्याला परका नाही; उत्तर पेशवाईतले शाहीर सगनभाऊ मुसलमान शिकलगारच होते. पण ढोलकीवाल्याला आपण लावणीपुरतेच मोजतो, हे मला पटत नाही. वगातल्या विनोदाचा निम्मा वाटेकरी तोच. तो रंगमंचावरच उभा असतो. सोंगाड्याने टोमणा मारला की थाप पडते, हशाला जागा मिळते, मागून झीलकरी ‘जी जी’ करतात. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’त दादा कोंडके ऐनवेळचे टोमणे घालत. पुढचे वाक्य साथीदारांनाही ठाऊक नसे, म्हणून कान सोंगाड्याकडे लागलेले! हल्ली काही ठिकाणी ध्वनिमुद्रित संगीतावर वग करतात. त्यात हशा लांबला तरी ताल थांबत नाही, नटालाच त्याच्यामागे धावावे लागते.